पेन्सिलीने लिहिणारे कानवाले

आमच्या दुकानाची खोली एकच, पाट्या दोन. दाराच्या उजवीकडे मी, चष्मेवाला. डावीकडे ते, कानाची मशीनं विकणारे कानवाले. मधली फळी छातीपर्यंतच, त्यामुळे एकमेकांचं सगळं ऐकू येतं आणि उभं राहिलं की दिसतंही. एकोणीस वर्षं मी या माणसाला बसल्या जागेवरून ऐकत आलो आहे.

कानवाले सगळं पेन्सिलीने लिहितात. गिऱ्हाइकाचा पत्ता पेन्सिलीने, फोन नंबर पेन्सिलीने. एकदा बँकेच्या कागदावर सहीसुद्धा पेन्सिलीने केली आणि तो कागद परत आला. "खोडता आलं पाहिजे हो," म्हणतात. लग्नाचं दोनदा जमत आलं, दोन्ही वेळा "विचार करून सांगतो" म्हणाले. त्या दोघींना आता नातवंडं आहेत, यांचा विचार अजून चालू आहे. असा माणूस गेल्या वर्षी कात्रीत सापडला.

त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेलं साबणाच्या डबीएवढं एक खोकं. जुन्या बनावटीचं कानाचं मशीन त्या खोक्याला तारेने जोडायचं, आवाज किती हवा ते कॉम्प्युटरवर ठरवायचं आणि मशीनमध्ये भरायचं. एका सकाळी तो कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. नवा घेतला, तर त्यावर जुना प्रोग्राम चालेना. तसली मशीनं बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं, आणि ती वापरणारं एकच गिऱ्हाईक उरलं होतं: कानवाल्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर यांना लहानाचं मोठं केलं ते ताईंनीच. नवी मशीनं घालून पाहिली तर म्हणाल्या, "यात तुझा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो." वर्षभरात त्यांचं ऐकणं आणखी उतरलं होतं. आवाज वाढवला नाही तर दोन्ही कानांतली ती मशीनं असून नसल्यासारखी.

ताईंचा मुलगा ऑफिसांमधले कॉम्प्युटर सांभाळतो. तो येऊन स्टुलावर बसला.

"मामा, एक रस्ता म्हणजे ड्युअल बूट. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात नवी सिस्टीम, एकात जुनी. सुरू करताना विचारेल, कुठली हवी. एका वेळी एकच चालणार, पण पूर्ण ताकदीने. खोकं थेट तिच्याशी बोलेल."

"आणि डिस्कचे भाग करताना माझ्या सगळ्या नोंदी गेल्या तर?"

"आधी बॅकअप घेऊ की."

"दुसरा रस्ता?"

"व्हर्च्युअल मशीन. नव्या सिस्टीमच्या आतच, एका खिडकीत जुनी चालवायची. कापाकापी नाही. पण खोक्याचं म्हणणं आधी नवीच्या हातात जाणार, मग जुनीच्या. मधेच सुटलं तर आईचं मशीन अर्धवट भरून राहील. मी म्हणेन, पहिलंच करा."

जाता जाता तो बोलून गेला की व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेता येतो. काही बिघडलं की बटण दाबून होतो तिथे परत. मी फळीवरून पाहिलं. कानवाल्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू जन्मभर शोधत असलेलं खोडरबर सापडलं. मग भाचा काय, मी काय, कितीही सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी ताई आल्या. उजव्या कानातलं मशीन काढून त्यांनी भावाला दिलं. कानवाल्यांनी स्नॅपशॉट घेतला, मशीन जोडलं, आवाज भरायला लावला. पडद्यावरची पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली. जोडणी तुटली होती. कानवाले घाबरले नाहीत. मला म्हणाले, "असू द्या, मागे जाता येतं." बटण दाबलं. खिडकीतली जुनी सिस्टीम इमानदारीने दहा मिनिटांपूर्वीच्या जागी जाऊन उभी राहिली. पण कानाचं मशीन खिडकीत नव्हतं, टेबलावर होतं. ते मागे कुठे जाणार? चार वेळा त्यांनी बटण दाबलं. चारही वेळा कॉम्प्युटर ताजातवाना आणि मशीन मेलेलं.

मला राग आला, सरळ सांगतो. सांगितलेलं ऐकायचं नाही, आणि ते कुणी, तर ज्याच्या पाटीवर हातभर कान रंगवलाय त्याने!

ताई एवढंच म्हणाल्या, "एक आहे अजून," आणि गेल्या.

त्यानंतर कानवाले आठवडाभर त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मग स्वतःच भाच्याला फोन केला. बॅकअप एकदा घेतला, पुन्हा घेतला, डिस्कचे दोन भाग झाले. भंगारातल्या, कानात घालण्याजोग्या न राहिलेल्या एका मशीनवर आवाज भरून पाहिला, भरला; ताईंचं उजवं मात्र जागं झालं नाही. आता उरलं ताईंचं डावं. हेही गेलं तर त्यांना भावाचा आवाज ओळखू येणार नव्हता, आणि या वेळी मागे जायचं बटण कुठेही नव्हतं.

ताई आल्या, डाव्या कानातलं मशीन काढून त्यांनी भावाच्या तळहातावर ठेवलं. आता त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कॉम्प्युटरने विचारलं, नवी की जुनी. कानवाल्यांनी जुनी निवडली, मशीन जोडलं आणि थांबले. मग बहिणीकडे वळून म्हणाले, "ताई, चुकलो मी. पोरगा सांगत होता, ऐकलं नाही. तुझा एक कान घालवला." आणि वळून बटण दाबलं.

पट्टी शेवटपर्यंत गेली. मशीन ताईंनी कानात घातलं, डोकं जरा हलवून पाहिलं.

"मघाशी काय म्हणालास?"

"कुठे काय? तार बघत होतो."

"अरे, कान गेले तरी डोळे आहेत मला. तू बोबडं बोलायचास तेव्हापासून तुझे ओठ ओळखते मी. दिसलं मला, आता ऐकायचंय. बोल पुन्हा."

कानवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि पुन्हा बोलले, सगळं, एक शब्द न गाळता. माझे डोळे भरून आले, म्हणून मी खाली वाकून एक भिंग उगाच घासत बसलो.

"हं, आता नीट ऐकू आलं," ताई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन उठल्या. कानवाले त्यांना सोडायला बाहेर पडले. पायरीवर ते आधी सवयीने त्यांच्या उजवीकडे उभे राहिले, मग मागून वळसा घालून डावीकडे आले आणि बोलायला लागले.