चौदाव्या पायरीवरचा साक्षीदार

फौजदारी एवढी जाणणारा आणि त्यापलीकडे काहीच न जाणणारा माणूस आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांसारखा मेहकर तालुक्यात दुसरा झाला नसेल. विलायत राहू द्या, त्यांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता; पण पक्षकार त्यांना ‘बालिष्टर’च म्हणत. सख्ख्या बहिणीच्या वाटणीचा कागद त्यांनी दुसऱ्या वकिलाकडे धाडला होता. “दिवाणीतलं मले काई समजत नाही, बाई. कोणाचं डोस्कं फुटलं तं ये,” असं वर सांगून! कोटाची बटणं कायम एक घर चुकलेली. उलटतपासणीची सवय एवढी, की भाजीवालीही सुटायची नाही. “भेंडी आजच तोडली, हे तुनं सोता पाह्यलं, का कोणी सांगतलं?” ती टोपली उचलत म्हणायची, “मंग तुमीच जा वावरात, बालिष्टर!”

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या दोनतीन वर्षांतली गोष्ट. माझा थोरला भाऊ शाळेत मास्तर होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एका शेतशेजाऱ्याशी आमची कुरबूर चालू होती. चैत्रात भर दुपारी त्या शेतशेजाऱ्याची कडब्याची गंजी जळाली आणि नाव दादाचं आलं. शिक्षा झाली असती तर नोकरी गेली असती, अब्रू तर गेलीच होती. आईच्या घशाखाली घास उतरेना. वडिलांनी आधी ओळखीचे एक दिवाणी वकील गाठले. माणूस सज्जन. त्यांनी धुऱ्याचे मोजणीचे नकाशे, जुने अर्ज, सगळं जमवून भलंमोठं बाड बांधलं. शेवटी वडील ते घेऊन शेजारी गेले, तेव्हा आमच्या वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. “गुंडाळा हे! वैर होतं, याचा पुरावा तुमीच देऊन राह्यले का?”

एकच साक्षीदार होता. विहिरीवर पाणी पिताना दादाला गंजीकडून पळताना पाहिलं, असं त्याचं म्हणणं. वकीलसाहेब काळ्या कोटासकट भर उन्हात पायी त्या विहिरीवर गेले, खाली उतरले, ओंजळभर पाणी प्याले आणि तिथेच बराच वेळ वर बघत उभे राहिले. परत आले तेव्हा कोटाला शेवाळ लागलेलं होतं आणि चेहरा लग्नघरासारखा खुलला होता.

कोर्टात त्यांनी त्या साक्षीदाराला अगदी मायेनं विचारलं, “विहिरीवर काऊन गेला होता, भाऊ?”

“पानी प्याले.”

“पानी कितव्या पायरीवर होतं?”

“चौदाव्या. उन्हाया होता ना, साहेब.”

“आन् मास्तरले पाह्यलं तवा कुठं होता?”

“तिथंच. पानी पिऊन राह्यलो होतो.”

वकीलसाहेब खाली बसले. वडील मागून त्यांचा कोट ओढू लागले. “अहो, विचारा ना! चौदा पायऱ्या खालून दोन शेतांपलीकडचं दिसलं कसं?”

“तसं विचारलं तं तो वर येईन,” ते पुटपुटले. “राहू द्या त्याले तिथंच.”

मॅजिस्ट्रेट लिहिता लिहिता थांबले होते. त्यांनी साक्षीदाराकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. पुढच्या तारखेला दादा सुटला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. वडील, आयुष्यात कुणापुढे न रडलेला माणूस, टोपीनं डोळे पुसत होते.

बाहेर लिंबाच्या सावलीत दादा वकीलसाहेबांपुढे उभा राहिला. “साहेब, तुम्ही मला एकदाही विचारलं नाही, आग मी लावली का ते.”

“तुमी काई सांगतलं असतं, आन् मी तेच मनात धरून बसलो असतो. आता खटला संपला, मास्तर. आता सांगा.”

दोघं पारावर टेकले. दादा बोलत होता, मध्येच थांबत होता. मी पिशव्या घेऊन लांब उभा होतो, त्यामुळे शब्द कानी आले नाहीत. आमची एसटी आली आणि निघून गेली, तरी त्यांना हाक मारावीशी वाटेना. वकीलसाहेबांची मान हळूहळू हलत होती आणि एक हात दादाच्या पाठीवर होता. आता ते दोघंही नाहीत. दादा त्या दिवशी काय बोलला, ते मीही कधी विचारलं नाही.