एकोणसत्तरचा डाव

साधं काही डावकाकांना रुचायचंच नाही. काका नागपूरचे, अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी फ्लॅग फुटबॉल टीमचे कोच. बॉल घेऊन पळायचं, कमरेची पट्टी कुणी ओढली की थांबायचं, एवढाच खेळ. पण काकांचा एकेक डाव म्हणजे लग्नघरातली पळापळ. दोघं खोटंच पळणार, तिसरा मध्येच वळणार आणि बॉल जाणार चौथीकडे. "सरळ तर कोणीही पळते," ते म्हणायचे. "समोरच्याले वाटलं पाहिजे, हे काय करून राहिले बे!"

नवा डाव सुचला की गणपतीच्या महाप्रसादाची लाईन मोडून, काकूंनाही इकडेतिकडे उभं करून तो दाखवायचे. लोक हसायचे. मीही हसायचे.

समोरच्यांना कळू नये म्हणून डावांना मराठी आकडे होते. काका मैदानाच्या कडेवरून आकडा ओरडायचे, आम्ही पळायचो. फायनलच्या शेवटच्या डावाला ते ओरडले, "एकोणसत्तर!" मी त्यातलं सत्तर ऐकलं, 'एकोण'चे नऊ धरले, मनात त्याचं सेव्हंटी-नाइन केलं आणि एकोणऐंशीचा डाव समजून उजवीकडे सुटले. बॉल डावीकडे रिकाम्या गवतात पडला. आम्ही हरलो. आणि मी कोण, तर पुण्याची, दर रविवारी मराठी शाळेत पोरांना आकडे शिकवणारी! शरमेने मान वर होईना.

तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, डाव बरोबर होता. आकडा मला कळला नाही."

"सांभाळून नको घेऊ पोरी," ते म्हणाले. "मराठीच्या मास्तरणीले समजत नाही, तो डावच चुकला."

मी जितकं पटवायला जावं तितकं त्यांना ते खोटं वाटत गेलं.

पुढच्या सीझनला तीनच डाव उरले: डावा, उजवा, सरळ. आम्ही जिंकलो. "सिम्पल ठेवलं की जमतं यार," सगळे म्हणाले. काका टाळ्या वाजवायचे, पण खेळ चालू असताना पार्किंगकडे बघत बसायचे. मला ते दिसत होतं. तरी जिंकल्याचा आनंद झालाच, आणि आता चुकायला नको म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

यंदा ते मुलीकडे टेक्ससला कायमचे निघाले. मी सामान बांधायला मदत करायला गेले होते, तेव्हा म्हटलं, "काका, जायच्या आधी एक डाव शिकवा ना. चांगला अवघड."

खोक्याला टेप लावता लावता ते थांबले. डोळ्यांत काहीतरी चमकलं, मग विझलं.

"राहू दे," म्हणाले. "लोकांले त्रास होते."