गोरी केलेली आई

आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

परवा आईचं वर्षश्राद्ध आहे. तिचा धड एक फोटो घरात नाही, पण जुन्या कलर रोलच्या निगेटिव्ह सापडल्या. त्यातली एक स्कॅनरवर ठेवली. निगेटिव्हमध्ये सगळे रंग उलटे असतात. ते सुलटे करून आईचा वर्ण जुळवण्यात अख्खी सकाळ गेली. शेवटी ती दिसली. उसात राबून रापलेली, काळीसावळी, हसणारी. मला रडू आलं.

पलूसला भावाला फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन. "आक्का, लय काळी आलीया. जरा गोरी कर की."

"आई काळीच होती रं."

"पावणं येनार हायती. बरं दिसत न्हाई."

मी नाही म्हटलं. दुपारी त्यानंच कुठल्याशा ॲपवर तिला गोरीपान करून घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली सगळ्यांनी हात जोडलेले!

मी तावातावानं पलूसच्या घरी फोन लावला, तर वडिलांनी उचलला. म्हणाले, "ग्रुपवर ही कुनाची बाई गं? कोन वारलं?"

भाऊ शेजारीच होता. त्यानं ऐकलं. फ्रेमला आता मी पाठवलेलाच फोटो जाणार आहे, पण माझा राग गेलेला नाही. मेल्यावरही बाईनं गोरंच दिसायचं का? तुम्हीच सांगा.