अवांतरात हलवले आहे

आयर्लंडमधल्या मराठी लोकांच्या एका ऑनलाइन चर्चामंचाची मी मॉडरेटर आहे, म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजते. घरचं खाऊन, असं म्हणायची पद्धत आहे. माझा डबा बरेचदा तसाच घरी परत जातो. रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर पुन्हा तेच. व्हिसाच्या चर्चेच्या धाग्यावर कोणी मोदकांची कृती टाकतो, भाड्याच्या घरांच्या धाग्यावर कोणी क्रिकेटवरून भांडतो. मी ते सगळं उचलून 'अवांतर' विभागात टाकते. तिथे कोणी फिरकत नाही. खरं सांगायचं तर मला या कामाचा वीट आलाय, आणि थोडा माणसांचाही.

त्यात हे काका आले. मूळचे वऱ्हाडातले, मुलाकडे मलिंगारला राहायला आलेले. धागा कुठलाही असो, दुपार झाली की त्यांची ओळ हजर. कर कसा भरावा? "जेवले का जी सारे?" मेनूथला खोली मिळेल का? "जेवले का जी सारे?" मी हलवत राहिले. दर वेळी त्यांना आमचा ठरलेला निरोप जायचा: 'आपल्याला अवांतर विभागात हलवले आहे.' खरं तर 'आपले लेखन' असं हवं. ती चूक सगळ्यांना माहीत होती, पण दुरुस्त कोण करणार!

शेवटी तक्रारी आल्या. माझ्याबरोबर मॉडरेटर असलेल्या डब्लिनच्या मुलाचा फोन आला.

"अगं, युअर मॅन, तो काका, ऐकतच नाहीये. वॉर्निंग्ज देऊन झाल्या ना? अकाउंट बंद कर, म्हणजे सगळं ग्रँड."

"करते," मी म्हटलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

बंद करण्याआधी त्या माणसाचं सगळं लेखन वाचायचं, असा आमचा नियम. म्हणून कॅन्टीनमध्ये नुसती कॉफी घेऊन बसले आणि अवांतर उघडलं. काका तिथे चक्क राहायला आले होते.

"मले इथं हलवलं, आभारी हाय. गर्दी नाई, बरं वाटते."

त्याखाली: "पोरगा अन् सून कामावर गेले. नातू माह्यासंग इंग्रजीत बोलते, मी मान हालवतो. जेवले का जी सारे?"

मग: "इथं कोनीच सांगत नाई जेवले का ते. जागा नवीन हाय, होईन ओळख."

आणि शेवटची ओळ त्याच दुपारची: "आज मी बी जेवलो नाई. एकट्याले घास जात नाई."

मला रडूच आलं. समोरच्या टेबलावरची आयरिश बाई बघायला लागली, तर तिला हातानेच काही नाही म्हटलं. बॅगेतून डबा काढला. कोबीची भाजी आणि गार पोळ्या. मग लिहिलं, "काका, मीही जेवले नाहीये. तुम्ही ताट वाढून घ्या, मी डबा उघडलाय."

लगेच उत्तर आलं. "थांबा जी. वरन गरम करतो."

मी थांबले. तेवढ्यात डब्लिनहून मेसेज आला, "झालं का गं?"

"नाही," मी कळवलं. "आत्ताच जेवायला बसतोय."