सत्यवतीआजीची कुणग्यातली परीक्षा

नवरीबरोबर पाठराखीण यावी, तशी सत्यवतीबरोबर चंपी आली. पेडण्याहून निघालेलं वऱ्हाड लाटंबार्सेला पोचलं, वाजंत्री वाजली, नवी सून उंबरठ्यावरचं माप लवंडायला पाऊल उचलते न उचलते, तोच तिच्या शालूमागून एक तांबूस कुत्री झेपावली. माप उडालं, तांदूळ उधळले आणि चंपीने थेट देवघरात जाऊन बैठक मारली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "गे बाये, ह्यातली आमची सून खंयची?"

आजीचा हा गृहप्रवेश नात सिद्धीने तिच्याच तोंडून शंभरदा तरी ऐकला असेल. दर वेळी चंपी थोडी आणखी उंच उडायची.

पुढे पन्नासेक वर्षं आजीने भात पिकवलं आणि कुत्रे वाढवले. चंपीची शेवंती, शेवंतीची बकुळ, आणि मधली पंधरा-वीस फुलं ओलांडून शेवटी अबोली. ही वंशावळ ती एका दमात म्हणायची. रानडुकराला शेताबाहेर पिटाळणारी आणि शेजारच्या मांजरीला मात्र दबून असणारी ही जात डिचोलीत आणि पेडण्यात नावाजलेली होती. पण पिल्लू मागायला येणाऱ्याला आजी पैसे विचारत नसे. ती त्याला कुणग्यात उतरवायची. कुणगा म्हणजे शेताचा छोटासा तुकडा. तो भाताच्या रोपांनी पुरा लावायचा. पिल्लू मेरेवर, म्हणजे बांधावर, सोडलेलं. शीळ घालायची नाही, चुचकारायचं नाही, खिशात खाऊ ठेवायचा नाही. लावणी संपायच्या आत पिल्लू आपणहून जवळ आलं तर तुमचं. नाही तर पेज जेवा आणि पुढच्या वेताला या.

पांढरी पँट घालून आलेला म्हापशाचा एक बंगलेवाला अर्ध्या तासात दशावतारातल्या संकासुरासारखा काळा होऊन बाहेर पडला. पिल्लू त्याच्याकडे फिरकलंसुद्धा नाही, त्याचा एक बूट तेवढा घेऊन गेलं. नार्व्याच्या सखारामने खिशात सुका बांगडा लपवला होता. आजीने वासावरून पकडलं आणि त्याला दोन वर्षं नापास ठेवलं. तिसऱ्या खेपेला अबोली त्याच्या घरी गेली.

आजी जाऊन दोन वर्षं झाली. म्हातारे झालेले घरचे कुत्रेही तिच्यापाठोपाठ गेले. यंदा सिद्धीने नोकरी सांभाळून आजीची पडीक जमीन वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, लावली, आणि आठवडाभरात डुकरांनी ती नांगरून ठेवली. "तारेचं कुंपण घाल," वडील म्हणाले. सिद्धीला चंपीच्या वंशातलं पिल्लू हवं होतं. ते आता एकाच घरी होतं. अबोली व्याली होती, आणि शेवटचं एकच पिल्लू द्यायचं उरलं होतं.

रविवारी सकाळी ती नार्व्याला पोचली. सखाराम मेरेवर उभाच होता. साठीच्या त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता.

"ये गो, ये! आधी खिसे झाड बघया!"

"सखारामकाका, मी तिची नात!"

"म्हणानच! तुझ्या आजयेन माका दोनदा नापास केल्यान. हो तरवो, हो कुणगो. उतर!"

त्याची बायको सुमंगला चहाचा कप घेऊन हसत बसली. "पंधरा दिस वाट बघतत तुझी," ती म्हणाली.

सिद्धीने सलवार खोचली, तरव्याची म्हणजे भाताच्या रोपांची जुडी उचलली आणि चिखलात पाय घातला. पिल्लू बांधावर गाढ झोपलं होतं. चार रोपं लावायची, मागे बघायचं, पुन्हा चार रोपं. ओळ सापासारखी वळली.

"आजयेन बघितल्यान तर उपटून परत लावूक लावतली!" सखाराम ओरडला.

ते मात्र तिला लागलं. मग तिने मागे बघायचं सोडलं. आजी शिकवायची तशी तीन-तीन रोपं चिमटीत, अंगठ्याने दाबून, पाऊल मागे. कंबर मोडून आली, पण हात चालू लागले. पिल्लाचा विसरच पडला. अर्धा कुणगा झाला तेव्हा सुमंगला खदखदून हसत असल्याचं ऐकू आलं. सिद्धीने मान वर केली.

लावलेल्या ओळी पाण्यावर तरंगत होत्या. पिल्लू पोटापर्यंत चिखलात उभं होतं आणि रोपं एकेक करून, अगदी मन लावून उपटत होतं. तिने बघितल्यावर ते तोंडातल्या रोपासकट धावत आलं आणि तिच्या पोटरीला बिलगलं.

"इलां! आपणहून इलां!" सुमंगलाने टाळ्या पिटल्या.

"पण कुणगो खंय पुरो झालो?" सखाराम अडला. "नियम म्हणजे नियम."

सिद्धी हसत पहिल्या ओळीकडे गेली. तिने लावायचं, पिल्लाने उपटायचं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. उपटण्यात आता पिल्लाचा हात बसला होता. ऊन माथ्यावर आलं, तरव्याची शेवटची जुडी सुटली, तेव्हा सखारामने धोतर वर घेतलं, कुणग्यात उडी टाकली आणि पिल्लू उचलून सिद्धीच्या हातात कोंबलं.

"पास! पास गो बाये! घेऊन जा ह्याका, आणि माझां भात वाचव!"