रामटेके सरांचा आजचा दिवस

प्रार्थना संपली की रामटेके सर चपला काढून व्हरांड्याच्या पायरीवर चढायचे आणि हात उंचावून म्हणायचे, "आजच्या दिवशी!" मग त्या तारखेला जगात कुठेतरी घडलेला खेळातला एक क्षण ते सांगायचे. सांगायचे म्हणजे करून दाखवायचे. भालाफेक असली की खडू झेंड्याच्या खांबापलीकडे जायचा. उंच उडी असली की सर स्वतः पायरीवरून खाली. मॅरेथॉनच्या दिवशी ते सांगत सांगत शाळेला फेरी मारून आले. मधला भाग कुणालाच ऐकू आला नाही.

सानगडीच्या त्या शाळेत ते खेळ शिकवायचे आणि मी गणित. मी रोज साकोलीहून बसने यायची. वेळापत्रक माझ्याकडे होतं. परिपाठाला दहा मिनिटं, असं मी लिहून भिंतीवर लावलं होतं. सर रोज माझ्या पहिल्या तासात घुसायचे. मी घड्याळ दाखवलं की म्हणायचे, "मॅडम, तो धावून राहिला न अजून! त्याले मधातच थांबवू का?"

जगातले क्षण त्यांना वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून मिळायचे, गावातले माणसांकडून. परदेशातला विश्वविक्रम आणि अड्याळच्या बाजारचौकातली कबड्डी, दोन्हींसाठी ते त्याच पायरीवर चढत. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याचं दुःख त्यांना एवढंच होतं की "अर्धे विक्रम गोंदियाले गेले." पण गावातल्या क्षणासाठी त्यांची अट कडक होती. "एकानं पायलं ते गोष्ट, दोघाईनं पायलं तो इतिहास," असं ते म्हणत. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत ती गोष्ट पायरीवर चढत नसे.

या अटीत अडकली भागरताबाई. ही ढिवरांची म्हातारी तलावातली मासोळी धरून बाजारात विकायची. तरुणपणी भुजलीच्या सणाला पोरांची तलाव पार करायची शर्यत लागली होती. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पाण्यात उडी मारली आणि सगळ्यांच्या आधी पलीकडचा काठ गाठला. तिच्या घरी हे कुणालाच खरं वाटत नव्हतं. "गुरुजी, मेल्यावर कोन सांगन? एक दिवस माह्या नावानं सांगा न," असं ती सरांना प्रत्येक बाजारी म्हणायची. त्या ऑगस्टच्या शेवटी सर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर पायरीवर चढणारं कुणी नव्हतं.

पहिली अडचण तारखेची. आमच्याकडे गावातला खेळ तारखेने कुणालाच आठवत नाही. भुजली म्हणजे राखीचा दुसरा दिवस, आणि तो दरवर्षी सरकतो. सर दोन वर्षं भुजलीलाच तिची तारीख समजून बसले होते. इथे मी हात घातला. शर्यत झाली त्या वर्षी तलावाचा सांडवा बांधला होता, आणि सांडव्याच्या दगडावर साल कोरलेलं आहे. माझ्या सासऱ्यांच्या पेटीत त्या सालाचं पंचांग निघालं. तारीख सरांच्या शेवटच्या आठवड्यात येत होती. भागरताबाईला मात्र ते पटेना. "यंदाची भुजली त होऊन गेली बाप्पा! आता कायची भुजली?"

दुसरी अडचण साक्षीदाराची. शर्यतीतल्यांपैकी एकच माणूस उरला होता, नत्थूभाऊ कापगते. मोठे शेतकरी, आणि त्या दिवशी दुसरे आलेले. आम्ही गेलो तेव्हा ते धानाच्या शेताच्या बांधावर उभे होते.

"नत्थूभाऊ, त्या दिवशी पयले कोन निघालं?" सरांनी विचारलं.

"मले काय मालूम? मी पोहून राहिलो होतो. पोहणारा का चारीकडं पायते?"

"भागरता तुमच्या समोर होती का?"

"समोर पानी होतं."

परतताना मी एक ठरवलं. सरांचा निरोप समारंभ मी नेमका त्याच तारखेला ठेवला आणि नत्थूभाऊंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

त्या दिवशी सर पायरीवर चढले. "आजच्या दिवशी! आपल्या तलावात एक शर्यत झाली म्हणते. पण साक्षीदार एकच हाये. म्हणून आज सांगायले काही नाई." ते खाली उतरू लागले. कडुनिंबाखाली बसलेल्या भागरताबाईने टोपली उचलायला हात घातला.

"रामटेके, उतरू नका," नत्थूभाऊ खुर्चीतून उठले. "मी काही पायलं नाई म्हटलं होतं. एक पायलं. तळपाय."

"कोनाचे?"

"हिचे. या काठापासून त्या काठापर्यंत. दुसरं काही दिसलंच नाई मले."

पोरं आधी हसली, मग टाळ्या थांबेनात. भागरताबाई टोपली सोडून पुढे आली. "मंग इतके वरस काहून नाई सांगितलं रे, नत्थू?"

"तळपायाचं कोनी इचारलंच नाई."

सर पुन्हा पायरीवर गेले. निरोपाचं भाषण, हार, नारळ, सगळं राहून गेलं. ते बाकावर पालथे झाले आणि पूर्ण तलाव पोहून पार केला. भागरताबाई बाजूला उभी राहून चुका काढत होती. "हात असे नाई मारत, गुरुजी. बुडता का?"

सगळं आटोपल्यावर ती बाजाराकडे निघाली. नत्थूभाऊ मागून म्हणाले, "माह्या घरी एक मोठी मासोळी पाहिजे आज."

"देतो न," ती न वळताच म्हणाली. "ये माह्यामागं."

नत्थूभाऊ काठी टेकत खरंच तिच्या मागे निघाले, आणि रामटेके सर फाटकाशी उभे राहून दोघं वळणापर्यंत पोहोचेस्तोवर बघत राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "अंतर अजून तेवढंच हाये."