वाळूवर बर्फाची गाडी

बनवणाऱ्याने प्रत्येक वस्तू अर्धीच बनवून सोडली आहे आणि उरलेली आपण पुरी करायची आहे, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दर शुक्रवारी अकराच्या सुमारास तो दोहाच्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला यायचा, आणि चपला काढण्याआधी दार तीनदा उघडून मिटून बघायचा. "पावणं, बिजागरी रडतीया." मग खिशातून पाना निघायचा. आमच्या मिक्सरचा वेग त्याने असा काही वाढवून दिला की पहिल्याच दिवशी खोबऱ्याची चटणी छताला लागली. मी तक्रार केली तर म्हणाला, "चटणी बारीक झाली का न्हाई, तेवढं सांगा." झाली होती. छतावरचीसुद्धा उत्तम बारीक झाली होती. मी पडलो बल्ब बदलायला माणूस बोलावणारा आणि तो बदलत असताना खालून सूचना देणारा गृहस्थ. त्यामुळे आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. माझी बायको त्याला दाजी म्हणायची. मला एका कपबशीला माफी नाही, त्याला अख्ख्या छताला माफी.

हा दाजी मूळचा इचलकरंजीचा. दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातलं एक अख्खं गॅरेज त्याच्या जिवावर चालायचं. पण व्हिसावर त्याचा हुद्दा होता मदतनीस, आणि मदतनिसाला बायको आणता येत नाही. माझी मोठी मेहुणी, म्हणजे आमची आक्का, तिकडे सासूला सांभाळत नऊ वर्षं एकटी राहिली होती. सासू गेल्यावर तर अगदीच एकटी. साडू हे सगळं विनोदासारखं सांगायचा. "कागदावर मी पाना देणारा हाय, पावणं. पाना फिरवणारा न्हाई." आम्ही हसायचो. तोही हसायचा आणि लगेच उठून आमचा नळ तपासायला जायचा. त्या नळाला काहीही झालेलं नसायचं, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. गॅरेजचा मालक कतारी, त्याला सगळे मुदीर म्हणत. तो उन्हाळ्यात युरोपला गेला आणि येताना एक बर्फावरची मोटारसायकल घेऊन आला. पुढच्या चाकाच्या जागी होडीच्या तळासारखी एक लांब पट्टी, म्हणजे स्की, आणि मागच्या चाकाच्या जागी रणगाड्याला असतो तसा दातेरी रबरी पट्टा. कतारमध्ये बर्फ फक्त सरबतात. पण मुदीरची हौस मोठी. सगळ्या गॅरेजसमोर, चहाचा पेला हातात धरून तो म्हणाला, "मिस्त्री, ये गाडी रमल पे घुमा के दिखाओ. सीधा नहीं, घुमा के. मैं तुमको फोरमन लिखेगा." रमल म्हणजे वाळू. आणि फोरमनला बायको आणता येते.

पहिल्या चाचणीत गाडी दोहाबाहेर, मेसईदच्या वाळूच्या टेकडीवर सरळ गेली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सोडत सरळच थांबली. वळायचं नावच नाही. वासाचं कारण साडूने गाडीखाली डोकं घालून शोधलं. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना बर्फ गार ठेवतो, ओलही देतो. वाळू काय देणार? त्याने कुठल्या तरी जुन्या यंत्राची छोटी चाकं आतून बसवली आणि पट्टा त्यांच्यावरून फिरता केला. वास गेला. राहिलं वळणं.

वळण्याचा अभ्यास आमच्या डायनिंग टेबलावर झाला. साडूने परात मागितली, डब्यातला रवा ओतून तिच्यात टेकडी रचली आणि उलथन्याला स्की समजून तो ती चढवू लागला. नकाशा, आकडेमोड वगैरे त्याला मान्य नव्हतं. हाताला जे कळतं तेच खरं. माझा मुलगा कोपर टेकून बघत होता. मराठी त्याला सगळं कळायचं, बोलायचा मात्र इंग्रजीच.

"अंकल, इट्स डिगिंग."

"डिगिंग कुठलं रं? नांगरतंय ते!"

दोन तास रव्याची शेती झाली. त्यातून ठरलं की स्की आणखी चार बोटं रुंद करायची आणि तिच्या पोटाखाली गाडीला दिशा देणारी जी उभी धार असते, ती चांगली खोल ठेवायची. तसं केलं. गुरुवारी दुपारी आम्ही पुन्हा मेसईदला गेलो. चढावर गाडी झकास वळली. पण माथा ओलांडून पलीकडच्या मऊ उतारावर गेली आणि स्की नाकापर्यंत वाळूत रुतली. तिला काढायला माझी गाडी पुढे नेली, तर तीही रुतली. एका सुदानी सद्गृहस्थाने दोघींना ओढून काढलं. त्याच्या नजरेत माझ्याविषयी जी करुणा होती ती मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मुदीर स्वतः येणार होता. गुरुवारी रात्री साडू आमच्या घरी येऊन परातीसमोर बसला. दार उघडून मिटून बघितलं नव्हतं. मी धीर द्यायला म्हटलं, "होईल, इन्शाल्ला." त्याने रव्याची टेकडी मोडून पुन्हा रचली.

बायको स्वयंपाकघरातून आली, परातीत डोकावली आणि म्हणाली, "दाजी, हा उपम्याचा रवा आहे."

"मग?"

"मेसईदहून आलात की तुमच्या चपला मी झाडते. ती वाळू अशी जाड नसते. लाडवाच्या रव्यासारखी असते, बारीक."

साडू तिच्याकडे बघतच राहिला. "आन् हे आत्ता सांगताय व्हय?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

लाडवाचा रवा आला. उलथनं त्यात गपकन बुडालं. मग तिनेच डब्यातली पळी काढून दिली. गोल पोटाची पळी मात्र अलगद वर तरंगत गेली, आणि साडूने तिची दांडी पुन्हा पुन्हा डावी-उजवीकडे फिरवली. पहाटेच्या अजानीला तो गॅरेजात होता. स्कीला गोल पोट दिलं, नाक वर उचललं, ती खोल धार पुढून कापून फक्त मागच्या अर्ध्या भागात ठेवली. मागच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांचे दाते छाटले, म्हणजे वळताना गाडी एका अंगावर कलेल.

दुपारी मुदीर आला, पांढरा पायघोळ थोब कमरेला खोचला आणि "यल्ला!" म्हणून निघाला. गॅरेजची सगळी माणसं कपाळावर हात धरून टेकडीकडे बघत होती. साडू एकटाच पाठ फिरवून उभा.

"सांगा पावणं. माथ्यापलीकडं गेली?"

"गेली."

"रुतली?"

"नाही. वळली! वळली हो!"

"कुणीकडं?"

"डावीकडे."

"उजवीकडं वळू द्या. मग बघतो."

उजवीकडेही वळली. सुईत दोरा ओवावा तशी वळली. तरी त्याने बघितलं नाही. खाली बसून चपलेतली वाळू झाडत राहिला. बराच वेळ झाडत होता. मुदीर दाढीभर वाळू घेऊन परत आला, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "खलास, फोरमन!" म्हणजे काम फत्ते. तीन शुक्रवार त्याने ती गाडी उडवली, मग त्याला बोटीचा नाद लागला आणि गाडीवर ताडपत्री पडली. पण शब्दाचा पक्का माणूस. कागद झाले.

चार महिन्यांनी आक्का आली. नजमा भागात त्यांनी दोन खोल्या घेतल्या. त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही सवयीने त्याचंही पान मांडून बसलो होतो. बारा वाजून गेले, तेव्हा फोन वाजला.

"पावणं, आज न्हाई येत. हिनं आमटी टाकलीया."

"बरं बरं. मजेत जेवा."

मला वाटलं, ठेवेल. ठेवला नाही. मीही कान लावून उभा राहिलो.

"ऐकू येतंय का?" त्याने हळूच विचारलं.

"काय?"

"न्हाई, काय न्हाई. भांड्यांचा आवाज."

पलीकडे कुणीतरी स्टीलचं भांडं जरा जोरातच आपटलं, आणि साडू फोनवर हसला. आमच्याकडे बायकोने तोवर त्याचं पान उचलायला घेतलं होतं. मी हातानेच तिला थांब म्हटलं; आमच्या भांड्यांत पलीकडचा आवाज बुडाला असता.